तीस दिवसांचा एकच बॅकअप

नांदेडातलं दुकान बंद करून मला दोन वर्षं झाली, तरी फोन येतच असतात. "कदम साहेब, सर्व्हर चालू होऊन नाही राहिला. सगळा डाटा त्याच्यातच हाय. येऊन बघता का?" मी विचारतो, बॅकअप आहे का? नसतो. मग मी दोन चांगल्या माणसांचे नंबर देतो आणि फोन ठेवतो. स्वतः जात नाही. लोकांना वाटतं, कदमाला आता काम नको झालंय, पोरगा पुण्याला कमावतोय. संपादकांनी या अंकासाठी "तुमच्या धंद्यातले गमतीचे अनुभव" मागितले तेव्हा मी हाव म्हणालो आणि चार-पाच गमती लिहूनही काढल्या. त्या वाचताना माझं मलाच जाणवलं, की जी गोष्ट टाळण्यासाठी मी हे सगळं लिहीत सुटलोय, तीच यात नाही. म्हणून तो कागद बाजूला ठेवला आणि हे लिहायला घेतलं.

मी मूळचा मुदखेडचा. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करता करता संगणकात आलो आणि शेवटची पंधरा-सोळा वर्षं एकच काम केलं: लोकांचा डाटा जपणारी यंत्रं निवडायची, जोडायची, चालू ठेवायची. नांदेड ते लातूर हा माझा पट्टा. दवाखाने, कॉलेजं, शिकवण्या, छापखाने. कंधारच्या एका कॉलेजात दसऱ्याला माझ्या बॅकअपच्या पेटीची यथासांग पूजा झाली. वर झेंडूचा ओला हार, पंख्याच्या जाळीत हळद-कुंकू. तिसऱ्या दिवशी पेटी बंद. मी उघडली तर आत सगळं पिवळं. प्राचार्य म्हणाले, "आम्ही तर मनोभावे केली." मी म्हटलं, सर, पुढच्या वर्षी नमस्कार लांबूनच करा.

या धंद्यात एक शब्द आहे, डिडुप्लिकेशन. आम्ही नुसतं डिडुप म्हणतो. तो मला स्वतःला नीट समजला लातूरच्या एका शिकवणीवाल्या सरांमुळे. सरांकडं चाळीस मशीन होत्या आणि चाळीसही मशीनवर त्यांच्याच त्याच नोट्स. मी रोजच्या बॅकअपचा हिशोब करून मोठाल्या डिस्का सुचवल्या, तर सर उखडले. "कदम, माझ्या नोट्स एकच हायेत. तुम्ही त्या चाळीस वेळा कशाला ठेवून राहिले?" प्रश्न अगदी बरोबर होता. डिडुप तेच करतं. प्रत्येक फाइलचे बारीक तुकडे करतं आणि प्रत्येक तुकड्याचा एक ठसा काढतं, माणसाच्या अंगठ्याचा असतो तसा. तोच ठसा आधी येऊन गेला असेल तर तुकडा पुन्हा ठेवत नाही, "हा आहे आपल्याकडं" एवढंच लिहून घेतं. चाळीस मशीनच्या नोट्स एका मशीनच्या जागेत मावतात. आणि रोज पूर्ण बॅकअप घेतला तरी आज कालच्यापेक्षा जेवढं वेगळं आहे तेवढीच नवी जागा लागते.

सर खूश झाले. म्हणाले, "मग कोणतीही स्वस्त पेटी चालंल." तिथं मात्र मी त्यांना थांबवलं. तुकड्यांपेक्षा ठशांची यादी सांभाळणं अवघड. तुकडा आला की यादी चाळायची, दुसरा आला की पुन्हा चाळायची, सेकंदाला हजारो वेळा. ही यादी फिरत्या डिस्कवर ठेवली तर यंत्र दिवसभर धापा टाकतं. म्हणून रॅम भरपूर लागते, आणि यादीसाठी वेगळी एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चपळ डिस्क लागते. तीही साधी नको. साध्या एसएसडीला एक खोड असते: लिहिता लिहिता वीज गेली तर हातातलं अर्धं विसरते, आणि वर "लिहिलं" म्हणून सांगून मोकळी झालेली असते. चांगल्या जातीच्या एसएसडीत बारके कॅपॅसिटर असतात. वीज गेल्यावरही हातातलं काम पुरं करण्याइतका दम ते धरतात. आपल्याकडं दिवसातून चार वेळा लाइट जाते, तिथं हा दम फार मोलाचा. तुकडे कितीही शाबूत असले आणि यादी बिघडली, तर कोणता तुकडा कुणाचा हे सांगणारं कुणी उरत नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं. मी ते दुसऱ्यांना शिकवत होतो. म्हणून पुढचं लिहायला जड जातं.

सरांचं गाव निलंगा. त्यांनीच मला अप्पांकडं पाठवलं. अप्पा म्हणजे निलंग्याचे जुने फोटोग्राफर. लिंगायत व्यापाऱ्याचं घर, भाऊबंद सगळे भुसार दुकानात, आणि हे एकटे गळ्यात लिंग आणि खांद्याला कॅमेरा अडकवून सायकलवर गावोगाव. भूकंपाच्या आधीची कितीतरी वर्षं त्यांनी त्या पट्ट्यातली गावं अशी पालथी घातली होती. दोन खुंट्यांना एक चादर बांधायची, पुढं माणूस उभा करायचा, फोटो काढायचा. रेशनकार्डाला, सोयरिकीला, नव्या सुनेचा, म्हाताऱ्याचा शेवटचा म्हणून. मग भूकंप झाला. त्या गावांत घरं पडली तेव्हा भिंतींवरचे फोटोही माणसांबरोबरच मातीत गेले. उरलेले लोक महिना-दोन महिन्यांनी निलंग्याला यायला लागले. "अप्पा, तुमी आमच्या बापूचा काढला होता. हाय का?" अप्पा डबे उपसून निगेटिव्ह शोधत आणि फोटो करून देत. त्या फोटोंचं त्यांनी कधी काही घेतलं नाही. तीस वर्षं लोक येत राहिले.

पण लातूरचा उन्हाळा निगेटिव्हला मानवत नाही. त्या एकमेकींना चिकटायला लागल्या, डब्यांना आंबूस वास यायला लागला. अप्पांची मुलगी महादेवी स्टुडिओ चालवायची. चाळिशीची, लग्न मोडून माहेरी आलेली, बोलायला कमी आणि कामाला चिवट. तिनं स्कॅनर आणला आणि एकेक निगेटिव्ह सोडवून, पुसून, स्कॅन करायला घेतली. तीन वर्षं. प्रत्येक फोटोला गाव, आडनाव, नाव. नाव अप्पांना विचारायचं. अप्पा खुर्चीत बसून सांगायचे, "ही मठपतीची थोरली सून. हा देवळाम्होरचा न्हावी." घरात ते अर्धं कानडी बोलत आणि मुलीला लाडानं अव्वा, म्हणजे आई, म्हणत.

हे सगळं जपायचं कसं, एवढ्यासाठी त्यांनी मला बोलावलं होतं.

मी चार डिस्कांची पेटी निवडली. त्यातल्या दोन मेल्या तरी माल शाबूत राहील अशी जोडणी केली. डिस्का उत्तम घेतल्या. यादीसाठीची ती दमाची एसएसडी माझ्याकडं त्या दिवशी नव्हती, हैदराबादहून यायला आठ-दहा दिवस लागणार होते. दुकानातल्या फळीवर एक साधी होती, तीच बसवली. महादेवीला सांगितलं, "ही तात्पुरती. चांगली आली की बदलतो."

ती आलीही. त्याच आठवड्यात नांदेडच्या एका लहान मुलांच्या दवाखान्याचा सर्व्हर बसला आणि डॉक्टर रडकुंडीला आले. मी हातातली एसएसडी तिथं लावली. त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं, की त्यानंतर मी दुसरी मागवलीच नाही. निलंग्याला गेलो की आठवायचं, परतीच्या एसटीत बसलो की विसरायचं. पेटी चालत होती. चालत्या यंत्राला हात लावायचा नाही, असं आमच्यात म्हणतात. ते मी माझ्या आळसाला लावून घेतलं.

आणि दुसरी गोष्ट याहून वाईट. पेटी बसवून महिना झाल्यावर गेलो, त्या दिवशी मी महादेवीला पडद्यावर तारखांची यादी दाखवली. "हे बघ. रोजचा एक बॅकअप. तीस दिवसांचे तीस."

ती नीट बघत होती. म्हणाली, "काका, एक खराब झाला तर?"

"एकोणतीस आहेत की."

"दुसऱ्या गावाला पण एक ठेवायला पाहिजे का? लातूरला मावशीच्या घरी ठेवता येईल."

"बघू पुढं. तीस आहेत म्हटल्यावर काय घाई."

तीस तारखा खऱ्या होत्या. फोटो मात्र एकेकदाच साठवलेले होते, कारण डिडुपचं कामच ते. तीसही तारखा त्याच एका प्रतीकडं बोट दाखवत होत्या. मी खोटं बोललो असं नाही, पण तिला जे समजलं ते खरं नव्हतं, आणि तिला तसं समजलंय हे मला दिसत होतं. समजावून सांगायला पाच मिनिटं लागली असती. मला लातूरची गाडी पकडायची होती.

निघताना अप्पांनी विचारलं, "कदम, आता ह्या डब्यांचं काय करावं? वासानं खोलीत बसवंना."

मी म्हणालो, "अप्पा, आता नसले तरी चालतील."

अप्पांनी डबे जाळले नाहीत. "आमच्यात जाळत न्हाईत," म्हणाले. शेतात बांधाच्या कडेला खड्डा घेतला आणि सगळे डबे पुरले. वर बेलाचं पान ठेवलं, असं महादेवीनं मला नंतर सांगितलं.

दोन वर्षं काही झालं नाही. मग एका दुपारी तिचा फोन आला. गल्लीच्या डीपीवर न्यूट्रल तुटला होता. घराघरात दुप्पट दाबाची वीज घुसली, टीव्ही, फ्रिज, पंखे जळाले. स्टुडिओतला दिव्या-पंख्यांचा इन्व्हर्टर जळाला, संगणक जळाला, त्यातल्या डिस्का गेल्या. "पेटीचे दिवे लागत नाहीत, काका. पण तिच्यात तीस बॅकअप आहेत ना?"

"आहेत," म्हणालो. "उद्या सकाळी येतो."

दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा स्टुडिओच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत नारळ आणि ब्लाऊजपीस. महादेवीनं ओळख करून दिली: सरूबाई. भूकंपात आई गेली तेव्हा त्या पाच-सहा वर्षांच्या होत्या. आजोळी वाढल्या. आईचा फोटो कुठंच नव्हता. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, तेव्हा कुणीतरी सांगितलं की निलंग्याच्या अप्पांकडं बघ. आदल्या आठवड्यात महादेवीनं गाव आणि आडनाव टाकून शोधलं, आणि पडद्यावर आई आली. सरूबाईंनी उभ्या उभ्या बघितलं होतं. महादेवी म्हणाली होती, "आठ दिवसांनी या, मोठा करून चौकटीत बसवून देते." ते आठ दिवस आज भरले होते.

"साहेब, आज मिळंल का?" सरूबाईंनी मला विचारलं.

"संध्याकाळपर्यंत मिळेल," मी म्हणालो. इतक्या सहज म्हणालो.

मी बरोबर पेटीचा दुसरा पॉवर सप्लाय नेला होता, तो जोडला. दोन डिस्का जळाल्या होत्या, दोन चालू होत्या. म्हणजे माल शाबूत. मी महादेवीकडं बघून हसलो. मग यादीची एसएसडी तपासली. ती मेली होती. तरी धीर सोडला नाही, कारण पेटी रोज त्या यादीची एक नक्कल डिस्कांवर ठेवत असे. ती नक्कल उघडली. उघडेना. आदल्या दिवशीची, त्याच्या आदल्या दिवशीची, महिन्यापूर्वीची. तेव्हा माझ्या लक्षात आलं. दोन वर्षांत लाइट जितक्या वेळा गेली होती, तितक्या वेळा ती साधी एसएसडी थोडं थोडं विसरत आली होती, आणि पेटी त्या विसरलेल्या यादीचीच नक्कल इमानदारीनं करत होती.

दुपारचे चार वाजले. महादेवीनं चहा आणला, तो निवून गेला. ती माझ्या मागं उभी होती. शेवटी तिनंच विचारलं, "काका, तीसातला एखादा तरी निघेल ना?"

मी म्हणालो, "महादेवी, तीस नव्हते. एकच होता, तीस दिवसांचा."

तिनं निवलेला चहा उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "मग तुम्ही तीस का म्हणालात?"

अप्पा आतल्या खोलीतून भिंत धरत बाहेर आले. त्यांनी आम्हा दोघांची तोंडं बघितली आणि त्यांना समजलं. "होय्तु, अव्वा," एवढंच बोलले. म्हणजे, गेलं.

सरूबाईंना काहीच कळलं नव्हतं. महादेवी त्यांच्याशेजारी बाकावर जाऊन बसली आणि हळू आवाजात सांगत राहिली. सरूबाई ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "पण त्या दिशी तर दिसली होती की."

त्यांनी नारळ आणि ब्लाऊजपीस महादेवीच्या ओटीत घातलं आणि पाचच्या गाडीनं गेल्या.

आठ दिवसांनी मी पुन्हा निलंग्याला गेलो. जळालेली एसएसडी आणि संगणकातल्या डिस्का पुण्याच्या एका लॅबला पाठवल्या होत्या, तिथून नकार आला होता. मी अप्पांना विचारलं, "ते डबे कुठं पुरले?" अप्पा म्हणाले, "चल." आम्ही तिघं शेतात गेलो. अप्पांनी काठीनं जागा दाखवली, मी खणलं. दोन पावसाळे होऊन गेले होते. डब्यांचे पत्रे गंजून सुटे झाले होते आणि आत काळा, चिकट गोळा. मी एक पट्टी सोडवायचा प्रयत्न केला. बोटांना नुसता रंग लागला. अप्पांनी हातानंच माती परत लोटली. मी लोटायला गेलो तर म्हणाले, "राहू दे. माझी हायेत."

त्यानंतर मी जे केलं ते करायला मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दोन डिस्का नांदेडला आणल्या आणि दुकान बाकीच्यांवर सोडून बसलो. डिस्कांवर तुकडे होते, लाखांनी. यादी नव्हती. पण फोटोच्या फाइलचा पहिला तुकडा ओळखू येतो, तिच्या सुरुवातीला ठरावीक खूण असते. तो एकटा उघडला तर फोटोचा वरचा पट्टा दिसतो आणि खाली सगळं करडं. पुढचे तुकडे कोणते, हे लाखांतून हुडकणं जवळजवळ अशक्य. मी मार्ग शोधले, पुण्या-हैदराबादच्या माणसांना विचारलं, रात्रीचे दिवस केले. काहीशे फोटो पूर्ण जुळले. बाकी हजारो तसेच राहिले. पटका आणि कपाळ. पदराचा काठ आणि कपाळ. चादरीची वरची दोरी, तिच्या मागं घराचं कौल. बहुतेकांचे भुवयांपर्यंतच. त्याखाली करडं. फाइलींची नावंही गेली होती, त्यामुळं कोण कुणाचं हे मला कळायला मार्ग नव्हता.

ते सगळं घेऊन मी निलंग्याला गेलो. मला वाटलं होतं, महादेवी बघणारही नाही. तिनं पहिला पट्टा उघडला आणि अप्पांना हाक मारली. अप्पांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता, दुसरा बरा होता. ते पडद्याच्या जवळ तोंड नेऊन बघत राहिले.

"हा पटका," ते म्हणाले. "असा डावीकडून पिळा देनारा एकच गडी होता. तुकाराम सुतार. लिही."

महादेवीनं लिहिलं.

पुढचं सव्वा वर्ष बापलेक रोज सकाळी दोन तास बसायचे. मी महिन्यातून एकदा जायचो. कधी अप्पा चटकन सांगायचे, कधी एका कपाळापुढं अर्धा तास बसायचे, मग मान हलवायचे आणि महादेवी पुढं जायची. मला त्यांनी एकदाही बोल लावला नाही. एकदा मीच म्हणालो, "अप्पा, माझी चूक फार मोठी झाली." ते म्हणाले, "हाव, झाली." आणि पुढचा पट्टा मागितला. कुणी "असू दे" म्हणालं असतं तर मला ते पचलं नसतं.

मागच्या उन्हाळ्यात अप्पा गेले. निम्मी कपाळंही झाली नव्हती. महादेवीनं त्यानंतर फोटो काढायचं बंद केलं, स्टुडिओत आता झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देते. उरलेल्या पट्ट्यांतली माणसं कोण, हे सांगणारं आता निलंग्यात कुणी नाही. तोवर मीही दुकान बंद केलं होतं. शेवटी शेवटी पेट्या मी बरोबर निवडत होतो, दोन ठिकाणी ठेवायला लावत होतो, गिऱ्हाइकाला "ही प्रत एकच आहे, तारखा तीस आहेत" असं कागदावर लिहून सही घेत होतो. पण एखादी बाई मला "काका, नीट आहे ना?" असं विचारायला लागली की मी बसवलेली पेटी पुन्हा उघडायला घ्यायचो. असा माणूस या धंद्यात चालत नाही.

दिवाळीच्या आधी महादेवीचा फोन आला. "सरूबाई येणार आहेत. तुम्ही या, काका."

सरूबाईंच्या मुलीचं लग्न कधीच होऊन गेलं होतं. पाटावर फोटोच्या जागी आजीच्या नावानं नुसती सुपारी ठेवली होती, असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे. महादेवीनं त्यांच्यासाठी सहा पट्टे वेगळे काढून ठेवले होते. सगळ्या बायका, सगळ्यांच्या मागं तीच चादर, सगळ्यांचा पदर डोक्यावरून. हजारो फोटोंत तो तिनं नीट असा एकदाच बघितला होता, सरूबाईंना दाखवताना, आणि त्या सहांतला नक्की कोणता हे तिला सांगता येत नव्हतं. अप्पांनाही त्या सहांत खात्री झाली नव्हती. तिनं एकेक पडद्यावर आणला.

चौथ्याला सरूबाई म्हणाल्या, "थांबा."

कपाळावर गोंदणाचे तीन ठिपके होते, त्यातला मधला जरा खाली घसरलेला. सरूबाईंनी पडद्याला हात लावला. "मी ह्याच्यावर बोट ठिवून झोपायची," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून विचारलं, "साहेब, बाकीचं कधी येतंय?"

मी म्हणालो, "येणार नाही, बाई. एवढंच आहे."

त्यांनी मान हलवली. महादेवीनं डोळे पुसले आणि फोटो छापायला घेतला. करडा भाग काढून टाकला तर वरचा पट्टा नीट चौकटीत बसेल, असं तिला वाटलं. तिनं कडा आत ओढायला सुरुवात केली.

"ताई, ते कापू नका," सरूबाई म्हणाल्या.

"खाली काही नाही हो त्यात. नुसतं करडंच आहे."

"असू द्या. तिथंच हाय ती."

महादेवीनं पूर्ण कागदावर छापलं. वर दोन बोटं कपाळ आणि खाली वीतभर करडं. काचेच्या चौकटीत बसवून दिलं. सरूबाईंनी ते जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलं. मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेलो. गाडीत गर्दी होती. खिडकीजवळच्या एकानं त्यांना जागा करून दिली. त्या बसल्या, गुंडाळी मांडीवर आडवी ठेवली आणि गाडी हलेपर्यंत दोन्ही हात तिच्यावर ठेवून बसून राहिल्या.